मजकूर पुढे, साचा मागे

एक्सएमएलमध्ये ठेवलेला मजकूर स्टाइलशीट लावून वेबपानावर आणायचा, ही विद्या आज शिकण्यात अर्थ आहे का? या प्रश्नावर आमच्या घरात दोन ठाम पक्ष आहेत. एक मावशीचा. तिची नोकरी यंत्रांच्या माहितीपुस्तिका तयार करण्यात गेली आणि आता ती मालवणी शब्दांचा कोश जमवते आहे. दुसरा पक्ष तिच्या भाचीचा. ती वेब डेव्हलपर आहे, रोज रिॲक्टमध्ये काम करते, आणि मावशीचा कोश वेबवर आणायचं काम तिनेच अंगावर घेतलं आहे. कोशाची फाइल एक्सएमएलमध्ये आहे आणि मावशीची अट एकच: पानं बनवायची ती स्टाइलशीट लिहिण्याच्या भाषेने, म्हणजे एक्सएसएलटीने. त्यांचं बोलणं पुढे देतो आहे. जिथे राहवलं नाही तिथे माझं मतही मध्ये घातलं आहे.

भाची: मावशी, आडपडदा न ठेवता बोलते. ब्राउझरमधलं एक्सएसएलटी काढून टाकणार असं क्रोमने २०२५ मध्ये जाहीर केलंय. आणि ब्राउझरमध्ये जे आहे तेही १९९९ सालचं, १.०. पुढे २००७ ला २.० आलं, २०१७ ला ३.० आलं, एकाही ब्राउझरने ते घेतलं नाही. जे जाणार हे ठरलंय, ते मी आत्ता कशासाठी शिकू?

मावशी: ब्राउझरमधून जातंय. वाईट वाटतं, पण त्यांचं कारण खोटं नाही. कोणाचीही फाइल तुझ्या ब्राउझरने उघडायची आणि तिच्यावर जुन्या सी भाषेतल्या लायब्ररीने काम करायचं, यात धोका आहेच.

भाची: धोका तर आहेच, शिवाय ती सांभाळायला माणूस नाही. क्रोम आणि सफारी ज्या लिबएक्सएसएलटीवर उभे आहेत, तिची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकाने २०२५ मध्येच ते काम सोडलं. अब्जावधी लोकांच्या फोनमध्ये असलेली गोष्ट, आणि मागे एखादाच माणूस.

मावशी: हे मात्र सगळ्यांनाच लाज वाटावी असं आहे. पण मी एक सांगू? आम्ही ब्राउझरमध्ये रूपांतर करायचोच नाही. आमच्याकडे एका यंत्राची एकच एक्सएमएल फाइल असायची. तिच्यातून वेबपान निघायचं, छापायची प्रत निघायची, सर्व्हिसच्या मुलांसाठी सुट्या भागांची यादी निघायची. सगळं आमच्या मशीनवर तयार व्हायचं आणि बाहेर जायचं ते साधं एचटीएमएल. वाचणाऱ्याच्या ब्राउझरला एक्सएसएलटी येतं की नाही, याने काही अडत नव्हतं. माहितीपुस्तिकांच्या जगातलं डॉकबुक घे, डिटा घे, वैज्ञानिक नियतकालिकांचं जॅट्स घे. आजही हे सगळं याच वाटेने पानावर येतं.

भाची: मग तेच मी पायथनमध्ये करते ना. फाइल वाचायची, नोंदींवर लूप फिरवायचा, एचटीएमएल लिहायचं. एका दुपारचं काम.

मावशी: कर. पण आधी ही एक नोंद नीट बघ.

तिने जी नोंद पुढे केली ती इथे जशीच्या तशी देतो, कारण पुढचा सगळा वाद हिच्याभोवती फिरला.

<नोंद>
<शब्द>गजाल</शब्द>
<व्याकरण>स्त्री.</व्याकरण>
<अर्थ>गोष्ट, गप्पा</अर्थ>
<उदाहरण>सगळे <शब्द>गजाली</शब्द> मारूक बसले.</उदाहरण>
</नोंद>

टॅगची नावं मराठीत आहेत हे पाहून अनेकांना नवल वाटतं. नवल करण्यासारखं त्यात काही नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल १.० प्रसिद्ध झालं ते युनिकोडच्या पायावरच, आणि टॅगच्या नावात देवनागरी अक्षरं, काना-मात्रा, हलन्त हे सगळं पहिल्या दिवसापासून चालतं. जोडाक्षरं नेमकी दाखवायला लागणारी न दिसणारी जोडखूण आणि 'ॲ' हे अक्षर मात्र नावात घ्यायला २००८ ची पाचवी आवृत्ती यावी लागली. मावशीने ही सोय मनापासून वापरली आहे. कोश मराठीतला, तर त्याची रचनाही मराठीत वाचता यावी, हा तिचा आग्रह मला फार योग्य वाटतो. उद्या संगणकाचं काहीही न कळणारा भाषेचा अभ्यासक ही फाइल उघडेल, तेव्हा कुठे काय आहे हे त्याला कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

भाची: 'शब्द' हा टॅग दोनदा आलाय. वर एकदा आणि उदाहरणाच्या पोटात एकदा. उदाहरणातला शब्द ठळक दाखवायचा आहे, तर त्याला सरळ 'ठळक' म्हण ना.

मावशी: नाही म्हणणार. ठळक करायचा, तिरका करायचा की हिरवा, हे पान ठरवेल. फाइलमध्ये मी एवढंच नोंदवते की या वाक्यात आपला शब्द हा इथे आलाय, अनेकवचनी रूपात. उद्या मला कोशातली सगळी वापरातली रूपं वेगळी काढायची झाली तर 'शब्द' शोधून ती मिळतील. 'ठळक' शोधून काय मिळणार?

भाची: बरं, मान्य. काल रात्री मी तुझ्या पद्धतीने पहिली स्टाइलशीट लिहायला बसले. फाइलच्या वर स्टाइलशीटचा पत्ता दिला आणि क्रोममध्ये उघडलं. पान कोरं.

मावशी: डिस्कवरची फाइल थेट उघडलीस ना? क्रोम सुरक्षेसाठी तिला दुसऱ्या फाइलला हात लावू देत नाही. टर्मिनलवर एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोग्राम चालव. आधी स्टाइलशीटचं नाव, मग फाइलचं नाव, एंटर. शिकायची जागा ती. आणि पहिल्यांदा स्टाइलशीट पूर्ण रिकामी ठेव. एकही टेम्प्लेट लिहू नको.

भाची: रिकामी ठेवून काय दिसणार?

मावशी: करून बघ.

भाचीने केलं. मला वाटतं एक्सएसएलटी शिकवणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात इथूनच करावी. रिकाम्या स्टाइलशीटमधून रिकामं पान येत नाही. कोशातला सगळा मजकूर बाहेर येतो, फक्त टॅग गळून पडलेले असतात: गजाल, स्त्री., गोष्ट, गप्पा, सगळे गजाली मारूक बसले, मग पुढची नोंद, सगळं एका ढिगात. याचं कारण, भाषेतच काही नियम आधीपासून घालून दिलेले आहेत. टॅग भेटला तर त्याच्या आत जा. नुसता मजकूर भेटला तर तो जसाच्या तसा बाहेर लिही. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तरी दस्तऐवज सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालून जातो. तुमचं काम त्या चालीत हवं तिथे हात घालण्याचं.

भाची: म्हणजे लूप आधीच फिरतोय आणि मी फक्त मध्ये मध्ये अडवायचं.

मावशी: बरोबर. आता दाखव तू काय लिहिलं होतंस.

भाची: मला जे नैसर्गिक वाटलं ते. मुळाशी एक टेम्प्लेट. त्यात एचटीएमएलचा सांगाडा. आत फॉर-ईच लावून प्रत्येक 'नोंद' घेतली आणि व्हॅल्यू-ऑफने शब्द, व्याकरण, अर्थ, उदाहरण ओळीने छापले. एक्सएसएलटीप्रॉकने चालवलं तेव्हा पान छान आलं. फक्त उदाहरणातलं 'गजाली' ठळक झालं नाही.

मावशी: होणारच नाही. व्हॅल्यू-ऑफ म्हणजे 'याच्या आतला सगळा मजकूर सपाट करून दे'. तू उदाहरण मागितलंस, त्याने सपाट वाक्य दिलं. आतला 'शब्द' टॅग तिथेच संपला.

भाची: मग आत अजून एक लूप लावते.

मावशी: कशावर? वाक्यात आधी नुसता मजकूर आहे, मग टॅग आहे, मग पुन्हा मजकूर. दुसऱ्या वाक्यात टॅग सुरुवातीलाच असेल. तिसऱ्यात दोनदा येईल, आणि मध्ये एखाद्या गावाचं नाव असेल, त्याला वेगळा टॅग. यातलं काय कुठे येईल हे तुला आधी माहीत नाही. मालवणी माणूस बोलताना माझ्या लूपचा विचार करून बोलत नाही. लग्नाच्या पंगतीत बघ. एका वाढप्याकडे वरण, एकाकडे भात, एकाकडे जिलबी. कोण कुठे बसलंय हे वाढपी ठरवत नाही. पान समोर आलं की आपल्याकडचं वाढायचं आणि पुढे सरकायचं. तुझी टेम्प्लेटं तशी लिही. एक 'नोंद'साठी, एक 'अर्थ'साठी, एक 'उदाहरण'साठी. प्रत्येकाने आपल्यापुरतं एचटीएमएल द्यायचं आणि मधोमध अप्लाय-टेम्प्लेट्स म्हणायचं, म्हणजे 'आता आतल्यांची पाळी'. आणि एक टेम्प्लेट 'उदाहरण/शब्द' यासाठी. उदाहरणाच्या पोटातला शब्द भेटला तर ठळक कर.

भाची: आणि साधं 'शब्द' असं टेम्प्लेटही असेल, मथळ्यासाठी. उदाहरणातल्या शब्दाला दोन्ही लागू पडतात. जिंकतं कोण?

मावशी: जे जास्त नेमकं ते. नुसत्या नावाला शून्य गुण, वाट सांगून दिलेल्या नावाला अर्धा. तसं नियमातच लिहिलंय.

इथे मी स्पष्टपणे मावशीच्या बाजूचा आहे. कोश, नाटकाची संहिता, पोथीची पाठचिकित्सा, कायद्याचं कलम, हे सगळे मिश्र मजकूर आहेत. वाक्याच्या आत वाक्य, त्यात संदर्भ, त्यात शब्द. कोष्टकात मावणाऱ्या माहितीसाठी लूप उत्तम, पण माणसाचं लेखन कोष्टकात बसत नाही. एक्सएसएलटीचा सगळा आराखडा या लेखनासाठी केलेला आहे, आणि जो माणूस फॉर-ईच सोडून अप्लाय-टेम्प्लेट्सवर विश्वास टाकायला शिकतो त्याला दस्तऐवज वेगळाच दिसू लागतो.

भाची मात्र एवढ्याने मानणारी नव्हती.

भाची: हे पायथनमध्येही जमतं. प्रत्येक टॅगला एक फंक्शन, आणि फंक्शनने आतल्यांना हाक मारायची. तुझ्या अप्लाय-टेम्प्लेट्सची कल्पना मी घेते, भाषा का घेऊ? या भाषेत साधा 'एक वाढव' असा काउंटरसुद्धा लिहिता येत नाही. नोंदींना अनुक्रमांक द्यायला व्हेरिएबल केलं, त्यात एक मिळवायला गेले, तर कळलं की एकदा दिलेली किंमत बदलताच येत नाही. हे कसलं व्हेरिएबल?

मावशी: त्याला इतिहास आहे. एक्सएसएलटीच्या आधी एसजीएमएल होतं, १९८६ सालचं आंतरराष्ट्रीय मानक. त्याच्या मजकुराला रूप द्यायची भाषा १९९६ मध्ये मानक म्हणून आली, डीएसएसएसएल. ती स्कीम या भाषेवर बेतलेली होती, म्हणजे फंक्शनल घराण्यातली. जेम्स क्लार्क त्या कामात होता आणि एक्सएसएलटी १.० चा संपादकही तोच. किमती बदलायच्या नाहीत, एका टेम्प्लेटने दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, हे संस्कार तिथून आले. त्याचा फायदा असा, की कोणतं टेम्प्लेट आधी चाललं याने निकाल बदलत नाही. काउंटर लागतो कशाला? 'तू कितवा' हे नोंदीलाच विचार. त्यासाठी नंबर नावाची सूचना आहे. तिच्या फॉरमॅटमध्ये देवनागरी '१' लिही.

भाची: देवनागरी?

मावशी: हो. '१' लिहिलंस तर १, २, ३ असे देवनागरी आकडे येतात. युनिकोडमध्ये ज्या अक्षराची अंककिंमत एक आहे असं कोणतंही अक्षर तिथे चालतं, असं १९९९ च्या नियमावलीत आहे. आणि फाइलमध्ये जिथे सालं इंग्रजी आकड्यांत पडली आहेत, तिथे ट्रान्सलेट हे फंक्शन. एका हाताला दहा इंग्रजी आकडे, दुसऱ्या हाताला '०१२३४५६७८९'. बस.

भाची: हे आवडलं. मनापासून आवडलं. आता माझ्या आवडीचा मुद्दा काढते. वर्णक्रम. मी क्रम लावायला सांगितलं, तर 'काळ' आधी आला आणि 'कावळा' नंतर.

मावशी: कारण भाषा न सांगता क्रम मागितला की एक्सएसएलटीप्रॉक युनिकोडच्या क्रमांकांवर जातं, आणि तिथे 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर बसवलाय, 'व'च्या आधी. आपल्या मुळाक्षरांत तो 'ह'च्या नंतर येतो.

भाची: जावास्क्रिप्टला एका ओळीत सांगता येतं की क्रम मराठीचा लाव. मराठीचा वर्णक्रम त्याला आधीपासून ठाऊक आहे. तू काय करणार?

मावशी: मीही एका ओळीत करते. क्रम लावण्यापुरता 'ळ'च्या जागी अवग्रह धरायचा, ट्रान्सलेटनेच. अवग्रहाचा क्रमांक 'ह'च्या नंतर आणि कान्याच्या आधी आहे. त्यामुळे 'ळ' बरोबर जागेवर जाऊन बसतो. पानावर छापला जातो तो मूळ शब्दच.

भाची: शाब्बास. आणि क्ष? ट्रान्सलेट एका अक्षराला एक अक्षर बदलतं. 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष, अशी तीन. १.० मध्ये शब्दातला तुकडा बदलणारं फंक्शनच नाही.

मावशी: नाही. तिथे जरा कुथावं लागतं. २.० घेतलंस तर आहे.

भाची: आणि अक्षरवार विभाग? 'ग'चे शब्द एकत्र, 'च'चे एकत्र. वेबवर दर कोश असाच असतो. १.० मध्ये गट करण्याची सूचनाच नाही. मी शोधलं, तर सगळीकडे एकच तोडगा, म्युंक नावाच्या गृहस्थांच्या नावाने ओळखला जाणारा. आधी पहिल्या अक्षरावर सूची बांधायची, मग प्रत्येक नोंदीला विचारायचं, 'तुझ्या अक्षराच्या सूचीत पहिली तूच का?', आणि हो म्हणाली तरच विभाग उघडायचा. युक्ती हुशार आहे. पण मावशी, इतकी साधी गरज आणि तिला लोकांनी युक्ती शोधावी लागते, हा भाषेचा दोष आहे.

मावशी: १.० चा दोष आहे. मायकेल के यांच्या संपादनाखाली २.० आलं, त्यात गट करायला स्वतंत्र सूचना आहे. दोन ओळींत होतं. त्यांचाच सॅक्सन हा प्रोसेसर वापर. ब्राउझरमध्ये अडकून पडायचं नसेल तर १.० मध्ये अडकायचंही कारण नाही.

मावशीचं हे उत्तर खरं आहे, पण त्यामुळे भाचीचा मुद्दा खोटा ठरत नाही. वर्षानुवर्षं लोकांच्या हाताशी होतं ते १.०, आणि बहुतेकांनी एक्सएसएलटी अनुभवलं ते त्याच्या या अवघड रूपात. अनेकजण कंटाळून निघून गेले, त्यांना दोष देता येत नाही. नवशिक्याच्या वाटेत इतरही खड्डे आहेत. स्टाइलशीट स्वतःच एक्सएमएल असल्यामुळे ओळ तोडणारा टॅगही बंद केल्याशिवाय चालत नाही. एचटीएमएलमध्ये सर्रास वापरला जाणारा न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचा संकेत एक्सएमएलला ओळखूच येत नाही; तिथे १६० हा क्रमांक द्यावा लागतो. आणि सगळ्यात मोठा खड्डा नेमस्पेसचा. मूळ फाइलच्या पहिल्या टॅगवर एक पत्ता लिहिलेला असतो, आपण तिकडे लक्ष देत नाही, आणि मग 'नोंद'साठी लिहिलेलं टेम्प्लेट एकाही नोंदीला लागत नाही. टॅगची वाट सांगायची भाषा म्हणजे एक्सपाथ; तिच्या १.० मध्ये उपसर्ग नसलेलं नाव म्हणजे कोणत्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. चूक दाखवणारी एक ओळ येत नाही. पुन्हा तोच टॅग गळालेला ढीग समोर येतो. रिकाम्या स्टाइलशीटचा प्रयोग ज्याने केला आहे त्याला तो ढीग पाहताच कळतं, की आपली टेम्प्लेटं चाललीच नाहीत. ज्याने केला नाही तो डोकं धरून बसतो.

भाची: आता माझा मूळ मुद्दा. जग जेसनकडे गेलंय. आयकराचं विवरणपत्र आधी एक्सएमएलमध्ये भरायचे, २०२१ च्या नव्या पोर्टलपासून जेसन. वेबवरही एक्सएमएलचं राज्य येणार होतं, पण एक्सएचटीएमएल २ चं काम गुंडाळायचं २००९ मध्ये ठरलं आणि एचटीएमएल ५ पुढे गेलं. माझ्या टीममध्ये एक्सएसएलटी येणारं कोणी नाही. उद्या मी दुसऱ्या कामात गेले तर तुझा कोश कोण सांभाळणार? तुझ्या सुंदर टेम्प्लेटांपेक्षा सांभाळणारी माणसं महत्त्वाची.

मावशी: विवरणपत्र म्हणजे रकाने आणि आकडे. त्याला जेसन योग्यच. ते उदाहरणाचं वाक्य जेसनमध्ये लिहून दाखव.

भाची: लिहिता येतं. तुकड्यांची यादी करायची. पहिला तुकडा साधा, दुसरा 'शब्द' प्रकारचा, तिसरा साधा.

मावशी: आणि ते मी हाताने लिहू? मालवणात कोणाच्या ओसरीवर बसून, समोरचा बोलत असताना?

भाची काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली:

भाची: नाही. लिहायला एक्सएमएलच सोपं. हे देते तुला.

मावशी: आता सांभाळण्याचं. माझी भीती तुझ्यापेक्षा जुनी आहे. युनिकोडच्या आधी मराठी मजकूर आपण फॉन्टांमध्ये टाइप करायचो. आत साठवलेलं असायचं भलतंच काही, आणि तो विशिष्ट फॉन्ट लावला की त्याचं मराठी दिसायचं. फॉन्ट गेला की मजकूर गेला. किती पुस्तकांच्या, दिवाळी अंकांच्या फाइली अशा पडून आहेत; उघडल्या तर नुसती चिन्हं. असं का झालं? कारण मजकूर आणि त्याचं दिसणं आपण एकात कालवलं. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. आज ती शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात शोधता येते, कारण कागदावर शब्द कुठे संपतो, व्याकरण कुठे सुरू होतं, अर्थ कुठला, हे त्या माणसाने इतकं काटेकोर ठेवलंय की दीडशे वर्षांनंतरही ते वेगळं काढता येतं. मला माझ्या कोशात तेवढं ठेवायचंय. स्टाइलशीट टाकून दिली तरी चालेल. नोंदीला हात लागता कामा नये.

भाची: म्हणजे खरं तर तुला एक्सएसएलटी नकोय. तुला मजकूर आणि पान वेगळं ठेवायचंय.

मावशी: मला दोन्ही हवंय. वेगळं ठेवायचं हे सगळेच म्हणतात. पायथनच्या स्क्रिप्टमध्ये तू घाईत एखाद्या नोंदीसाठी अपवाद करशील, एखादा अर्थ तिथेच दुरुस्त करशील, आणि कोशाचा एक तुकडा कोडमध्ये राहून जाईल. मी हे होताना पाहिलंय. एक्सएसएलटीत तुला दर वेळी लिहावं लागतं, की 'असा मजकूर भेटला तर'. म्हणजे आधी विचार करावा लागतो, की तो मजकूर कोणत्या जातीचा आहे. ही शिस्त मला त्या भाषेने लावली.

भाची: शिस्त माणसाची असते गं. वाईट एक्सएसएलटीही मी पाहिलंय. सगळं मुळाच्या एका टेम्प्लेटमध्ये, आत फॉर-ईच, त्याच्या आत फॉर-ईच. मी काल रात्री तेच लिहिलं होतं.

यावर दोघींचं एकमत झालं नाही, आणि मलाही ते होईलसं वाटत नाही. भाषा माणसाला घडवते हे मावशीचं मत तिच्या अनुभवातून आलं आहे. साधन निवडताना मागून येणाऱ्याचा विचार करायचा, हे भाचीचं मतही तिच्या रोजच्या कामातून आलं आहे. शिकणाऱ्याला मी एवढंच सांगेन, की मिश्र मजकुराशी ज्याचा संबंध येणार आहे त्याने एक्सएसएलटी आधी शिकावं आणि मग हवी ती भाषा वापरावी. उलट क्रमाने शिकणारा लूपच्या सवयी घेऊन येतो आणि त्या सुटायला वेळ लागतो.

भाची: ठीक आहे, कामाचं बोलू. पानं तुझ्या मशीनवर एक्सएसएलटीने बनवायची, सॅक्सन वापरून. वेबवर जाईल ते नुसतं एचटीएमएल आणि सीएसएस. पण शोध मी जावास्क्रिप्टने करणार. 'गजाली' टाकलं तर 'गजाल'ची नोंद मिळाली पाहिजे.

मावशी: कर. उदाहरणांतल्या 'शब्द' टॅगमधून रूपांची यादी काढणारी वेगळी स्टाइलशीट मी देते. तीच तुझ्या शोधाला लाव.

भाची: म्हणून तू 'ठळक' म्हणायला तयार नव्हतीस.

मावशी: म्हणूनच.

भाची: आणि माझी अट. प्रत्येक टेम्प्लेटच्या डोक्यावर मराठीत लिहायचं, हे काय करतं आणि का करतं. 'ळ'च्या जागी अवग्रह का, हे तर लिहायचंच. नाहीतर पुढचा माणूस ती चूक समजून काढून टाकेल.

मावशी: लिहीन. क्ष कुठे बसवायचा ते मात्र आधी ठरवू दे. 'क'च्या पोटात की शेवटी, यावर मी अजून विचार करते आहे. आणि 'पाहा'च्या दुव्यांचं टेम्प्लेट तू लिही. झील म्हटलं की चेडू पाहा, असे पुष्कळ आहेत. 'की' नावाची सूचना वापर. शब्दावर सूची बांध आणि तिच्यातून नोंद शोध.

भाची: आणि ज्या शब्दाकडे बोट दाखवलंय तो कोशात नसेलच तर?

मावशी: तर दुवा करू नको, शब्द नुसता छाप. आणि मेसेजची सूचना वापरून टर्मिनलवर लिही, की अमुक शब्दाची नोंद नाही. ती यादी मला दे. पुढच्या वेळी मालवणला जाईन तेव्हा त्या शब्दांचं विचारून येते.